एका फॉन्टाची पत्रिका

जामखेडच्या बाजूला लग्न एका बैठकीत जमतं. सुपारी फुटते, साखर वाटतात, चहा होतो, मोकळे! खरं रामायण सुरू होतं ते पत्रिकेपासून. कुणाचं नाव कुणाच्या वर, कुणाचं जाड, कुणाचं लाल, कुणापुढे माजी सरपंच लिहायचं आणि कुणाची बोळवण नुसत्या प्रगतशील शेतकऱ्यावर करायची, यावरून सख्खे भाऊ भरल्या ताटावरून उठलेले या तालुक्याने पाहिलेत. आणि सुकन्याचं नशीब बघा, तिला स्वतःच्या लग्नाची पत्रिका स्वतःच करायची होती.

त्याला कारणही तसंच होतं. बसस्टँडसमोरच्या ज्ञानेश्वरच्या डीटीपीच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसणारी तीच. लग्न, बारसं, सप्ताह, दशक्रिया, काहीही असो, या पंचक्रोशीतली निम्मी कागदं तिच्या हाताखालून जायची. ज्ञानेश्वर मालक खरा, पण त्याचं काम गिऱ्हाइकाला चहा सांगायचं आणि भाव करायचं. कोणत्या पाहुण्याला कोणतं अक्षर आवडतं, कोण कुणाच्या खाली आला की तोंड फिरवतो, हे सगळं सुकन्याला पाठ. दुसऱ्याच्या लग्नात या गोष्टींचं हसू येतं. आपल्या लग्नात तेच रुसवे खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले की हसायचं कसं?

खुर्ची ओढून बसले होते काकासाहेब. तिचे थोरले चुलते. कधीकाळी सोसायटीचे चेअरमन होते, ते पद गेलं पण त्याचा आवाज काही गेला नाही.

"माजं नाव जरा भरल्यागत दिसू दे," ते म्हणाले. "आन् मागं सावली टाक. सावलीबिगर नाव म्हंजे कसं, उघडं दिसतंय."

"टाकली, काका."

"आजून जाड कर."

"काका, यापेक्षा जाड केलं तर नवरदेवाचं नाव बारीक दिसेल."

"दिसू दे की! नवरदेव काय एक दिवसाचा. मी हितंच हाय."

सुकन्याने जाड केलं. मग आत्याच्या घरच्यांनी फोन केला, त्यांना वळणदार अक्षर पाहिजे होतं. भावकीतल्या दोघांनी एकमेकांचं पाहून आपापलं वेगळं मागितलं. प्रमुख उपस्थितीतल्या पुढाऱ्यांना भारदस्त अक्षर, कुलदैवताला कोरीव अक्षर, आणि शेवटी "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांना नाचरं अक्षर. पत्रिका कसली, जत्रेतली पाटी झाली ती.

एक नाव मात्र तिने कुणालाही न विचारता लावलं. दुकानात फार जुना एक फॉन्ट होता, पहिल्या कॉम्प्युटरपासून जपून आणलेला. एकेक अक्षर टपोरं, ज्वारीच्या दाण्यासारखं. हा फॉन्ट ती गिऱ्हाइकाला दाखवतसुद्धा नसे. त्यात तिने टाइप केलं: मुलीचे मामा, श्री. मच्छिंद्र सहादेव खाडे. आणि खुर्चीला टेकून बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसली.

कारण या लग्नात तिला दुसऱ्या कशाचीच काळजी नव्हती. हॉल ठरला होता, जेवणाचं ठरलं होतं, मुलगा चांगला होता, तिला आवडला होता. काळजी एकच, मामा येईल का?

मच्छिंद्र मामा म्हणजे तिच्या आईचा, रतनबाईचा, पाठचा भाऊ. दिवाळी झाली की मामा आणि मामी कोयते घेऊन ऊसतोडीला जायची ती कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, परत यायची. जाताना वाकडी वाट करून भाच्यांना भेटून जायचा, येताना गुळाची ढेप घेऊन यायचा. थोरलीचं, रुपालीचं, लग्न झालं तेव्हाही तो असाच उसाच्या फडातून आला होता. पाठीशी उभा राहिला, अक्षता पडल्या आणि मग कुणीतरी त्याच्या हातात पत्रिका दिली. त्याच्या आधी त्याला ती मिळालीच नव्हती. फोटो पाठवला होता, पण तो मोबाईलवर असा पुसट आला होता की खालच्या ओळी म्हणजे नुसती राख.

हातातल्या पत्रिकेत काकासाहेबांचं नाव बोटभर होतं. मामाचं नाव तळाच्या कोपऱ्यात, छपाई करणाऱ्याच्या नावाशेजारी, तेवढ्याच बारीक अक्षरात. जागा उरली नव्हती म्हणे. मामाने पत्रिका घडी करून खिशात घातली, आणि जेवणाच्या पंगतीत न बसता स्टँडवर निघून गेला. त्या दिवसापासून बहिणीच्या घरी आला नाही की तिचा फोन उचलला नाही. पट्टा पडून दोनदा गावी आला, दोन्ही वेळी दुसऱ्या रस्त्याने गेला.

म्हणाल, नावावरून एवढं? अहो, बाकीच्यांना नावाखेरीज पुष्कळ काही होतं. जमीन होती, सोसायटी होती, ओट्यावर बसायला माणसं होती. मामाला वर्षातला निम्मा काळ टोळीच्या मुकादमाच्या वहीत नुसतं 'एक कोयता' म्हणत होते. भाचीच्या पत्रिकेत तरी तो पूर्ण नावाचा माणूस असायला नको?

या वेळी रतनबाईने भागूबाई मामीकडून निरोप धाडला. मामीचं उत्तर आलं, ते आवाजात. मामीला लिहिता येत नव्हतं, पण व्हॉट्सॲपवर बोट दाबून बोलायला ती पक्की शिकली होती.

"वन्सं, तुमचा भाऊ म्हनतो, पत्रिका धाडा. नाव बघीन, मंग काय ते ठरवीन. आन् फोटू नको म्हनतो. मागच्या फोटूत आमी कुटं हुतो ते दुर्बिनीनं बी घावलं न्हाई."

म्हणून पीडीएफ. कितीही मोठं करून बघा, अक्षर फुटत नाही. सुकन्याने फाईल तयार केली आणि मामीच्या नंबरवर पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामीचा आवाज आला. "सुकन्ये, मामी बोलती. आगं त्या तुज्या पत्रिकेचं निस्तं चाक फिरतंय! हितं फडात रेंज कुटली? भरलेल्या ट्रकवर चडलं तर लागती. मामा उसाच्या मोळ्यांवर जाऊन बसला फोन घिऊन. चाक फिरतंय, ह्यो बसलाय. ड्रायव्हर खालनं शिव्या द्याया लागला तवा उतरला. येवडं जड काय धाडलंस बया? रुखवत बी त्यातच घातलाय का काय?"

सुकन्याला हसू फुटलं. फोनवरचा आवाज हसरा होता, आणि मामा ट्रकवर चढून बसला होता. रुसलेला माणूस उसाच्या ट्रकवर चढतो होय? त्याला यायचंच होतं, फक्त मान राहायला हवा होता!

तिने फाईल पुन्हा उघडली आणि जड काय आहे ते बघू लागली. चित्रं तर बारीक होती. मग कळलं, जड होते ते फॉन्ट. पत्रिकेत ज्याचं ज्याचं अक्षर वापरलं, त्या प्रत्येकाचा अख्खा फॉन्ट फाईलने सोबत घेतला होता. काकासाहेबांच्या नावाला लागणारी अक्षरं मूठभर, पण त्यांच्यासाठी सगळी बाराखडी, सगळी जोडाक्षरं, आकडे, नक्षी, वेलबुट्ट्या, असं सगळं खटलं आत येऊन बसलं होतं. आत्याचं वेगळं, भावकीचं वेगळं, चिल्ल्यापिल्ल्यांचं वेगळं.

वजनाप्रमाणे लागलेल्या यादीत सगळ्यांत वर काकासाहेबांचा फॉन्ट. त्याच्या खाली मामाचा, कारण त्या जुन्या फॉन्टात नक्षी फार.

तिने बाण काकासाहेबांच्या फॉन्टावर नेला. थांबली. उद्या ते पुन्हा येऊन बसतील, सावली कुठे गेली म्हणतील, दुकान डोक्यावर घेतील. बाण खाली सरकला, आत्याच्या फॉन्टावर गेला. आत्या वर्षभर बोलून दाखवेल. मग तिने मामाचा फॉन्ट काढला. मामा आपलाच की. फाईल झटकन हलकी झाली. आणि गंमत म्हणजे पडद्यावर काहीच फरक पडला नाही. मामाचं नाव होतं तसंच टपोरं दिसत होतं. तिने फाईल पाठवली आणि ज्ञानेश्वरने सांगितलेला चहा चवीने प्यायली.

पडद्यावर फरक पडणार कसा? तो फॉन्ट त्या कॉम्प्युटरमध्ये होताच. मामीच्या मोबाईलात कुठे होता?

संध्याकाळी ती घरी पोचली, तेव्हा रतनबाई भाकरी थापत होती. मामीचा आवाज आलेला होता. सुकन्याने मोठ्या उत्साहाने आईच्या शेजारी फोन ठेवला आणि लावला.

"सुकन्ये, आली पत्रिका." मामीचा आवाज आज हसरा नव्हता. "सगळ्यांची नावं आली. काकासाहेबांचं तर डोळ्यात भरतंय. मामाच्या जागंला निस्ती बाभळ हाय बग काटेरी. वाकडीतिकडी इंग्रजी, मदीच आकडं, मदीच कंस. मामाला वाटलं आपल्यालाच येत न्हाई वाचाया. त्यानं ट्रकच्या ड्रायव्हरला दाखवलं, त्यो शिकल्याला हाय. ड्रायव्हर म्हनला, ही इंग्रजी न्हाई, हे कायच न्हाई. समद्या टोळीदेखत म्हनला. मामा उटून गेला. जेवला न्हाई. म्हनला, रतनीला सांग, मागच्या टायमाला मुंगी तरी केल्ती, आवंदा कायच न्हाई केलं. लगीन चांगलं करा म्हनाव, मी येत न्हाई. आन् सुकन्ये, दोन दिसांनी आमची टोळी लांबच्या फडात जानार हाय. तितं ट्रकवर बी रेंज लागंल का न्हाई, देवाला ठावं."

तव्यावरची भाकरी करपली. रतनबाईने ती उलटली नाही.

"आई, तसं नाही गं," सुकन्या घाईघाईने म्हणाली. "मी त्याला सगळ्यांत चांगला फॉन्ट लावला होता. फाईल जड होती ना, म्हणून एक फॉन्ट बाहेर काढला. त्यांच्या मोबाईलात तो नाही, म्हणून तिथे भलतंच उमटलं. मशीनची चूक आहे ती."

"ते कळलं मला," रतनबाई म्हणाली. "पन त्याचाच का काडला?"

मशीनने थोडाच काढला होता? यादी तिच्यासमोर होती, बाण तिच्या हातात होता. काकासाहेबांवर जाऊन थांबला होता, आत्यावर जाऊन थांबला होता, आणि मामावर आल्यावर मात्र जराही थांबला नव्हता. का? तर मामाकडचं कुणी दुकानात येऊन खुर्ची ओढणार नव्हतं. मागच्या वेळी दुसऱ्या कुणी जागा नाही म्हणून त्याला कोपऱ्यात टाकलं, तर या पोरीने किती दिवस त्या माणसाला नावं ठेवली होती! आणि आज तिने वेगळं काय केलं? तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती आईसमोरून उठून मागच्या दारी गेली आणि मनसोक्त रडली.

रडून झाल्यावर तिने मामाला फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला, बंद.

सकाळी दुकानात येऊन ती नुसतीच फाईलसमोर बसली. ज्ञानेश्वरने विचारलं, "काय गं, नवरी असून तोंड पाडून बसलीस?" तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग मामाचा फॉन्ट आत घाल आणि पाठव."

"मग जड होतंय."

"मग नको घालू."

"मग बाभळ येतीय!"

"मग मी चहा सांगतो," ज्ञानेश्वर म्हणाला, आणि खरंच सांगायला गेला.

स्टँडसमोरून एक ट्रॅक्टर चालला होता, ट्रॉलीत कुणाचंतरी बिऱ्हाड. सुकन्या बघत राहिली. लहानपणी ती मामाच्या गावी असताना तोडीला निघायची तयारी तिने कितीदा पाहिली होती. मामी घरातलं एकेक भांडं हातात घ्यायची आणि विचार करायची. एक पातेलं, तवा, परात, दोन वाकळा, पाण्याचा ड्रम. लागेल तेवढंच ट्रॉलीत चढायचं. बाकी सगळं घरात, दाराला कुलूप. "पाचटाच्या कोपीत ऱ्हायाचं, तर घर कशाला वडायचं?" मामी म्हणायची. मग या फाईलला कुणी सांगितलं होतं अख्खी घरं ओढायला?

तिने फाईल जतन करायची खिडकी उघडली. खाली एक ओळ होती, ती ओळ आजवर तिने कधी वाचलीच नव्हती. घाईघाईत बटण दाबायची सवय. ओळीचा अर्थ साधा होता: फॉन्टातली वापरलेली अक्षरं तेवढीच सोबत घ्यायची. म्हणजे मच्छिंद्राला म, च्छिं, द्र लागतं, तेवढंच चढवा. न लागणारा ज्ञ आणि ढ घरी राहू द्या. तिने खूण केली. मामाचा फॉन्ट आत होता, नाव शाबूत होतं आणि फाईल निम्म्याहून हलकी झाली होती. वा गं पोरी! तिने स्वतःच्याच पाठीवर थाप मारली असती.

पण निम्म्याने भागणार नव्हतं. लांबच्या फडात, रेंज असली तर असली, अशा जागी चाक फिरत बसलं तर संपलं. गाठोडी लहान झाली होती, पण होती तेवढीच होती. प्रत्येक मानाच्या पाहुण्याचं एक. काकासाहेबांचा 'म' वेगळा, आत्याचा 'म' वेगळा, मामाचा 'म' वेगळा. एकाच 'म'ने सगळ्यांचं भागलं असतं की.

आणि हे मनात आल्याबरोबर तिला कळलं की काय करायचं. तिने सगळी पत्रिका पुसली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप करायला बसली. गणपतीपासून चिल्ल्यापिल्ल्यांपर्यंत सगळे एका फॉन्टात, एका आकारात. तोच जुना, टपोरा, कुणाला न दाखवलेला, मामासाठी काढलेला.

फाईल झाली ती अशी की बोटाने टिचकी मारावी आणि पोचावी. पण पाठवायच्या आधी घरच्यांची संमती पाहिजे, आणि घरी ओट्यावर काकासाहेब बसले होते.

त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "माजं नाव कुटंय?"

"हे काय, काका. सहाव्या ओळीत."

"आगं, पन समदी सारकीच! मोटं कोन, धाकटं कोन, कळायचं कसं?"

"वाचून कळेल."

"पत्रिका काय वाचायला आसती का?" काकासाहेब भडकले. "पत्रिका बगायला आसती! मानूस लांबनं बगतो आन् वळखतो, ह्या घरात कोन हाय. सावली बी काडली. ज्यानं सोसायटी चालवली त्याला ह्या पोरीनं पोरासोरांच्या रांगंत बसवला!"

सुकन्याने फॉन्टांचं सगळं समजावून सांगितलं. गाठोडी, ट्रॉली, ट्रकवर बसलेला मामा. काकासाहेब काही बिनडोक नव्हते. त्यांनी ऐकलं, टोपी मागे सारली आणि तोडगा काढला. "मंग दोन कर. ही साधी मच्छिंद्राला धाड. गावात आमची सावलीवाली वाट. त्याला काय कळतंय उसात?"

एवढ्यावर भागलं असतं. फाईल गेली असती, काकासाहेब खूश झाले असते, लग्नापर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. आईने दाराआडून तिच्याकडे पाहिलं. सुकन्याचा आवाज चढला. मोठ्यांपुढे तो कधी चढला नव्हता, त्यामुळे तिचा तिलाच परका वाटला.

"आणि तो आला, आणि त्याच्या हातात कुणी सावलीवाली दिली, तर? ताईच्या लग्नात तेच झालं ना? काका, मी बोहल्यावर उभी राहीन तेव्हा माझ्या पाठीशी कोण उभं राहणार? तुमची सावली?"

आता काका उठणार आणि लग्नालाच येणार नाहीत म्हणून सांगणार, असं तिला वाटलं. काकासाहेबांनी भावाकडे पाहिलं. बजरंग, सुकन्याचे वडील, खांबाला टेकून बसले होते. थोरल्या भावासमोर या माणसाने जन्मात तोंड उघडलं नव्हतं. शेताची वाटणी झाली तेव्हासुद्धा "दादा म्हनंल तसं" एवढंच.

"दादा," बजरंग म्हणाले, "पत्रिका एकच."

आणि पुन्हा खांबाला टेकले.

काकासाहेबांनी मोबाईल सुकन्याच्या हातात दिला. बराच वेळ बोटाने टोपी फिरवत राहिले. मग उठता उठता म्हणाले, "आक्षर तेवडं बरं हाय. टपोरं हाय." आणि फाटकाशी पोचल्यावर वळून, "माजी चेअरमन हे तरी ऱ्हाऊ दे, काडू नगंस!"

"ठेवलंय, काका," सुकन्या म्हणाली. तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

तिने फाईल पाठवली. एक खूण उमटली. दुसरी उमटेना. रात्र गेली, सकाळ गेली, टोळी हलली असणार. तिने ज्याच्या त्याच्या कामाची पत्रकं लावली, पण डोळा फोनवर. संध्याकाळी कधीतरी दुसरी खूण उमटली. पोचली होती! आता आवाज येईल, आता येईल म्हणून ती बसून राहिली. मामीचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. फोन लावला तर बंद. पत्रिका छापल्या, वाटल्या. लोकांनी नावं ठेवली, "पैसं संपलं का काय फॉन्टाचं?" म्हणाले. मग आपलं नाव शोधायला सगळी पत्रिका वाचावी लागली, तेव्हा कुणाकुणाला पहिल्यांदा कळलं की नवरी बी.कॉम. झालेली आहे.

लग्नाचा दिवस उजाडला. चैत्रातलं ऊन मांडवाच्या कापडातून खाली येत होतं. वरात आली, गडबड उडाली. मामाचा पत्ता नव्हता. कारखान्याचा पट्टा पडल्याचं कुणी म्हणत होतं, कुणी म्हणत होतं अजून चार दिवस आहेत. काकासाहेबांनी वेळेला असावा म्हणून एका लांबच्या मामाला फेटा बांधून ठेवला होता. त्यांचंही बरोबर होतं, मुहूर्त कुणासाठी थांबतो?

आतल्या खोलीत सुकन्या पिवळी साडी नेसून, मुंडावळ्या बांधून बसली होती. रतनबाई तिचा पदर सारखा करत होती. नीट असलेलाच पदर पुन्हा पुन्हा सारखा करत होती.

माईकवर गुरुजींचा आवाज घुमला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मुलीचे मामा कुठे आहेत?"

सुकन्या उठली. फेटेवाले लांबचे मामा दारात येऊन उभे राहिले, चांगले हसतमुख गृहस्थ. तिने त्यांच्याकडे पाहून मान हलवली आणि पाऊल उचललं. येणार नव्हता तो. तिने करायचं ते केलं होतं. उशिरा केलं होतं, एवढंच.

तेवढ्यात बाहेरून ओरडा आला. "थांबा थांबा! ओ गुरुजी, दम खावा जरा!" आवाज काकासाहेबांचा. गर्दी बाजूला सारत ते आले, आणि त्यांनी कुणाच्यातरी मनगटाला धरून जवळजवळ ओढत आणलं होतं. अंगावर प्रवासाची धूळ, हाताला उसाच्या पात्यांनी चिरलेल्या रेघा, खांद्यावर पिशवी. मागून भागूबाई मामी धापा टाकत, हातात गुळाची ढेप.

"पाव्हनं, चला, पोरगी थांबलीय," काकासाहेब म्हणाले. त्यांनी फेटेवाल्याचा फेटा उतरवला आणि मच्छिंद्राच्या डोक्यावर ठेवला. तो जरा वाकडाच बसला.

मामा आत आला. रतनबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. त्याने बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुकन्यासमोर उभा राहिला.

"मामा, मी..." ती म्हणाली. "तुझा फॉन्ट मीच काढला होता. मशीनने नाही."

"आसू दे गं, झालं ते झालं." मामाने तिचा हात हातात घेतला. "मंग ती दुसरी आली बग. लांबच्या फडात गेल्तो, तितं ट्रकवर चडलो. चाक फिरलंच न्हाई, पटकन उगडली. माजं नाव हुडकाया लागलो. घावंना. समदी सारकी. मंग काय करतो, वरनं वाचाया लागलो. गनपतीपासनं. मोट्यानं. खाली टोळी हुभी, म्हनाया लागली, पुडं वाच, पुडं वाच. काकासाहेब आलं, तुजा बाप आला, आत्या आली, पोरंसोरं आली. वाचत वाचत माज्यावर आलो." त्याने खांद्यावरची पिशवी सावरली. "मुकादम बी म्हनला, आरं, तुजं नाव मच्छिंद्र सहादेव हाय व्हय? फोनचं चार्जिंग तितंच संपलं, कोपीवर लाईट न्हाई, म्हनून कळवाया जमलं न्हाई."

बाहेर गुरुजींनी पुन्हा माईक ठोकला. मामाने वाकडा फेटा सरळ केला.

"मोटं कुनीच न्हाई, बारीक कुनीच न्हाई," तो म्हणाला. "मंग रुसू तरी कुनावर?"

आणि तो तिला घेऊन बोहल्याकडे निघाला.